स्टेपनी आणि थोरांचा आशीर्वाद

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. तो कुणी केला हे विचारायचं नाही, हाही त्या नियमाचाच भाग होता.

नियम असा : स्टेपनीला हात लावायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, जंगलात स्टेपनी कुठून आली? तर ती पिकअपबरोबर आली. मग पिकअप कुठून आली? हेही विचारायचं नाही. फार प्रश्न विचारणाऱ्या मुलींचं काय होतं, ते पुढे गोष्टीत आहेच. मांडी घालून ऐका.

ती पिकअप साऱ्या जंगलाची होती. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. हौद्याच्या पोटाखाली एक जादा चाक साखळीने आवळून टांगलेलं. तीच स्टेपनी. एखादं चाक पंक्चर झालं तर ते काढायचं आणि ही लावायची, अशी मूळ कल्पना होती. पण मूळ कल्पनेवर थोरामोठ्यांनी बरेच संस्कार केले होते.

दर दसऱ्याला पिकअपची पूजा होई. बाकीच्या चाकांना नुसतं कुंकू. स्टेपनीला मात्र हळद, कुंकू, झेंडूची माळ आणि पेढा. ती खाली अंधारात टांगलेली, त्यामुळे कुणालाच दिसत नसे. सगळे गुडघे टेकत, मान वाकडी करत आणि अंदाजाने नमस्कार करत.

शलाका लहान असताना तिनेही एकदा अशीच मान वाकडी केली होती. शलाका म्हणजे सायाळ. अंगभर काटे, आणि जिभेलाही थोडे.

"ही कशासाठी आहे?" तिने विचारलं.

"अडचणीसाठी," थोर म्हणाले.

"अडचण म्हणजे काय?"

"ती आली की आम्ही सांगू."

पुढे एका पावसाळ्यात चाक फुटलं. शलाकाला वाटलं, आली एकदाची अडचण! ती टाळ्या वाजवत बाहेर आली. पण थोरांनी फुटक्या चाकात पेंढा भरला आणि गाडी तशीच हाकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा फुटलं. तेव्हा साऱ्या तरुण पोरांना जुंपून गाडी ढकलत घरी आणली.

"स्टेपनी काढा ना," शलाका म्हणाली.

"ही काय अडचण आहे?" थोर म्हणाले. "आज वापरून टाकली आणि उद्या खरी अडचण आली म्हणजे?"

यावर शलाकाकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नसेल. थोरांचं बोलणं असंच असतं. त्याला उत्तर नसतं म्हणून ते बरोबर मानायचं.

शलाका मोठी झाली. नदीकाठच्या विद्यालयात जाऊन शिकली. तरफ म्हणजे काय, कप्पी कशी फिरते, कुठल्या तुळईवर किती भार टाकावा, हे सगळं शिकून परत आली. जंगलाला केवढा अभिमान वाटला म्हणता! पाहुणे आले की तिला बाहेर बोलावत. "ही आमची शलाका. शिकलेली आहे हो!" पाहुणे माना डोलवत. मग तिला आत पाठवत, पाणी आणायला.

"मी काहीतरी काम करते ना," ती म्हणे.

"घाई काय आहे? शिकलेलं कुणीतरी घरात असावं. वेळप्रसंगी उपयोगी पडतं."

वेळप्रसंग काही येईना. शलाका आपली घरात.

आणि एके दिवशी घाटापलीकडच्या जंगलातून मोर निरोप घेऊन आला. तिथल्या ओढ्यावर साकव बांधायचा होता. दर पावसाळ्यात ओढा फुगे आणि हरणांची पाडसं अलीकडे, आया पलीकडे अशी ताटातूट होई. साकव बांधायला त्यांनी शलाकाला निवडलं होतं. अट एकच. उद्या दिवस मावळायच्या आत हजर व्हायचं. नाही झाली, तर ते काम कोल्ह्याच्या भाच्याला. त्याला साकव बांधता येत नव्हता. पण त्याचा मामा कोल्हा होता.

शलाकाने रात्रीच गाठोडं बांधलं.

"एकटी कशी जाशील?" थोर म्हणाले. "आम्ही सोडायला येतो." आणि तिघंजण निघाले.

पहिले गवाअण्णा. जंगलातले सर्वांत थोर. वजनानेही. त्यांचं मत विचारावं लागत नसे, ते आधीच आलेलं असे.

दुसरे अस्वलमामा. गाडी तेच चालवत. त्यांना समोरचं नीट दिसत नसे, पण हॉर्न उत्तम वाजवत.

तिसरी घोरपडआत्या. ती एकदा कशाला चिकटली की सुटत नसे. वस्तूला असो, मताला असो.

निघायच्या आधी आत्याने गाडीच्या मागची पाटी काढून नव्याने ठोकली. पाटीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'थोरांचा आशीर्वाद'. "शुभकार्याला जुने खिळे नकोत," असं म्हणत तिने अंगणभर जुने-नवे खिळे सांडले, गोळा केले, आणि हाताला लागतील ते ठोकले.

मग सामान चढलं. उखळ, मुसळ, पाट, गोधड्या, लोणच्याची बरणी. "तिकडे मिळेल सगळं," असं शलाका सांगत होती. "तिकडचं लोणचं काय लोणचं असतं?" आत्या म्हणाली. सामानावर ताडपत्रीची सावली झाली आणि सावलीत अण्णा बसले. गाडी मागून खाली बसली आणि पुढून वर उठली. "शुभशकुन आहे," मामा म्हणाले. "गाडी वर बघतेय."

घाटाच्या बरोबर मध्यावर फुस्स झालं.

मागचं डावं चाक जमिनीला टेकलं. सगळे उतरले. म्हणजे शलाका उतरली. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून डोकावून पाहिलं.

"तरी मी म्हणत होते," आत्या म्हणाली. "काटेवाल्यांना गाडीत घेतलं की असंच होतं."

"माझे काटे माझ्या अंगावरच आहेत, आत्या. मोजून घे हवं तर."

"बघा, बघा. उलटं बोलणं. हेच शिकवतात तिथे."

"जरा वेळ बसू," मामांनी सुचवलं. "हवा जशी गेली तशी येईल."

शलाकाने आभाळाकडे पाहिलं. सूर्य अजून बराच वर होता. चाक बदलायला असा कितीसा वेळ लागतो? ती गाडीखाली शिरली.

मुलांनो, पिकअपखाली शिरून स्टेपनी काढणं फार सोपं असतं. हौद्याखाली एक छोटी कप्पी असते. मागच्या बाजूला एक भोक असतं. त्यात लांब सळई घालायची आणि फिरवायची. साखळी सैल होते, स्टेपनी अलगद खाली येते. हे सगळं ज्याने बनवलं त्याने एकच गोष्ट गृहीत धरली होती. गाडीत थोर माणसं नसतील.

"आत्या," शलाकाने खालून विचारलं, "साखळीला कुलूप का आहे?"

"चोरी होऊ नये म्हणून मीच लावलंय."

"किल्ली कुठे आहे?"

"अशी कुठेही ठेवत नाही मी. एकदम सुरक्षित आहे. कुणाला स्वप्नातही सुचायचं नाही."

"कुठे, आत्या?"

"स्टेपनीच्या आत. वरच्या अंगाला."

शलाकाने कुलूप हाताने चाचपून पाहिलं.

"म्हणजे स्टेपनी खाली आल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, आणि किल्लीशिवाय स्टेपनी खाली येणार नाही?"

"मग!" आत्या आनंदाने म्हणाली. "चोर काय करेल, सांग बघू!"

शलाकाने पाठीवरचा सर्वांत लांब काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने गाडीखालीच पुसलं. चाक आणि हौदा यांच्यातल्या फटीतून तिने काटा आत सरकवला. आधी झेंडूची वाळकी फुलं पडली. मग एक पेढा पडला, दगडासारखा. शेवटी चिंधीत बांधलेली किल्ली काट्याला लागून आली. कुलूप उघडलं.

"बघा, काट्यांचा उपयोग झाला," मामा म्हणाले.

"एकदा झाला म्हणून काय रोज होतो?" आत्या म्हणाली.

आता सळई. ती केबिनमध्ये नव्हती. सीटमागे नव्हती. शोधता शोधता शलाकाची नजर वर गेली. सळई अण्णांच्या डोक्यावरची ताडपत्री पेलून उभी होती.

"अण्णा, ती सळई द्या."

"आणि मी उन्हात बसू?"

"थोडा वेळच."

"आमच्या वेळी," अण्णा म्हणाले, "गाड्यांना चाकंच नव्हती. पण कुणी वडिलांची सावली मागितली नाही."

शलाकाने सळई ओढली. ताडपत्री अण्णांच्या शिंगांवर पडली. आतून त्यांचा सल्ला चालूच राहिला. फक्त तो आता नीट ऐकू येत नव्हता, त्यामुळे कामाला जरा वेग आला.

ती मागे गेली आणि भोक शोधू लागली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भोक नाही. मग तिच्या लक्षात आलं. भोकावर बरोबर 'थोरांचा आशीर्वाद' ठोकलेला होता.

"आत्या, पाटी काढावी लागेल."

"थोरांचा आशीर्वाद काढणार? भर घाटात?"

"त्याच्यामागे भोक आहे."

"असू दे की! आशीर्वादाच्या मागे काय आहे हे कुणी बघतं का?"

शलाकाने पाटीखाली मुसळ घातलं आणि दाबलं. विद्यालयात याला तरफ म्हणत. करकर आवाज करत आशीर्वाद निघाला. पाटीला तीन कोपऱ्यांत खिळे होते. चौथा कोपरा रिकामा होता. हे तिने पाहिलं आणि मनात ठेवलं.

सळई भोकात गेली. फिरली. स्टेपनी चार बोटं खाली आली आणि अडकली. वर जाईना, खाली येईना. साखळीत दसऱ्यांचं कुंकू तेलात कालवून घट्ट बसलं होतं. शलाकाने लोणच्याची बरणी उघडली आणि वरचं सगळं तेल साखळीवर ओतलं.

"माझं लोणचं!" आत्या किंचाळली.

"तिकडचं काय लोणचं असतं, म्हणालीस ना? इथेच कामी आलं."

गरगर करत स्टेपनी खाली उतरली. पण अण्णांच्या वजनाने गाडी इतकी खाली बसली होती की, ती बाहेर निघेना. अण्णा उतरायला तयार नव्हते. "मी उतरलो तर गाडीत थोर कोण राहील?" म्हणजे जॅक हवा. जॅक मामांच्या बुडाखाली होता. त्यावर उशी ठेवून ते बसत, समोरचं दिसावं म्हणून.

"जॅक काढला तर मला रस्ता कसा दिसणार?" मामा म्हणाले.

"मामा, गाडी उभी आहे."

मामांनी यावर विचार केला. मग उठले. त्यांच्याबद्दल एवढं चांगलं बोलायला हवं.

अशी स्टेपनी बाहेर आली. घाटातल्या उन्हात पहिल्यांदाच. आणि सगळे बघतच राहिले. अण्णांनीसुद्धा ताडपत्रीतून डोकं बाहेर काढलं.

ती कोरी करकरीत होती. रबराची बारीक केसरंसुद्धा अजून गळली नव्हती. शलाकाने दाबून पाहिलं. हवा होती, पुरेशी. इतकी वर्षं अंधारात राहूनही ती चालायला तयार होती.

आत्याने पुढे होऊन तिच्यावरून हात फिरवला. "किती जपलं गं आम्ही हिला. अजून अगदी नवी आहे."

"हो. आता लावू या."

"लावायची?" आत्या दचकली. "रस्त्यावर? चिखलात, दगडांत? अगं, जुनी होईल ना ती!"

"आत्या, ती चाक आहे."

"आधी स्टेपनी आहे. मग चाक आहे."

"थांब शलाका," अण्णा म्हणाले. "आज ही वापरलीस, आणि उद्या खरी अडचण आली तर?"

"अण्णा, सूर्य बघा. मी संध्याकाळपर्यंत पोचले नाही तर साकव कोल्ह्याचा भाचा बांधणार. पावसात पाडसं त्या साकवावर चढणार. ही अडचण नाही तर काय आहे?"

"ती तुझी अडचण झाली," अण्णा शांतपणे म्हणाले. "स्टेपनी जंगलाच्या अडचणीसाठी आहे."

"पाडसं जंगलाचीच आहेत."

"पलीकडच्या."

एवढ्यात आत्या चाकावर चढली आणि चारही पायांनी चिकटली. "मी सुटणार नाही," ती म्हणाली. घोरपडीने असं म्हटलं की विषय संपतो.

"बरं," शलाका म्हणाली. "बस नीट."

आणि तिने चाक उभं करून गडगडवत न्यायला सुरुवात केली. आत्या वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. मध्येच तिने "मी सुट" एवढं म्हटलं, "णार नाही" खालून ऐकू आलं. चाक डाव्या बाजूला पोचलं तेव्हा आत्या रस्त्याच्या कडेला बसून डोकं धरून होती. साऱ्या घोरपडकुळात असं कधी घडलं नव्हतं.

शलाकाने पान्याने नट सैल केले. जॅकवर गाडी उचलली. फुटकं चाक काढलं, नवं चढवलं, नट आवळले. मग फुटक्या चाकातून तिने एक खिळा उपसला. तो तिने पाटीच्या खिळ्यांशेजारी धरला. चारी भावंडं. नवे खिळे, शुभकार्याचे.

खिळा तिने अण्णांच्या समोर ठेवला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग ते निसर्गशोभा बघू लागले.

"चला," शलाका म्हणाली. "पोचू आपण. बसा."

"हो, चला," मामा म्हणाले. "घरी."

"घरी कशाला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही मुलगी शिकून आली खरी, पण साध्या गोष्टी समजत नाहीत, अशा नजरेने.

"अगं, आता आपल्याकडे स्टेपनी नाही," मामांनी समजावलं. "स्टेपनीशिवाय घाट चढायचा नसतो."

"आणि स्टेपनी होती तेव्हा?"

"तेव्हा ती वापरायची नव्हती."

"मागे सगळा उतारच आहे," आत्या रस्त्याच्या कडेवरून म्हणाली. तिचा आवाज अजून गोल फिरत होता. "नुसतं सोडलं की घरी. किती सोयीचं!"

अण्णा हौद्यातून उतरले. हे ते क्वचित करत. ते तिच्याजवळ आले आणि फार मायेने बोलू लागले. खरंच मायेने, मुलांनो. हसू नका.

"पोरी, कशाला जातेस? तिकडे ऊन, पाणी, दगड. राबून राबून हाताला घट्टे पडतील. आम्ही तुला किती जपलं. अजून कशी नवी आहेस. घरात राहा. शिकलेलं कुणीतरी घरात असावं. वेळप्रसंगी उपयोगी पडतं."

"कुठल्या वेळी, अण्णा?"

"वेळ आली की आम्ही सांगू."

शलाकाने गाडीखाली पाहिलं. तिथे आता रिकामी साखळी लोंबत होती. वाळकी फुलं, दगडी पेढा, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी टांगून राहिल्याचा एक गोल, स्वच्छ डाग. त्या डागाकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग तिने जॅक उचलला आणि पुन्हा सीटवर ठेवला. त्यावर उशी ठेवली. आणि त्यावर स्वतः बसली. तिला पुढचा रस्ता लख्ख दिसत होता.

"नाही," ती म्हणाली. "मी टांगून राहणार नाही. वर जायचं असेल त्यांनी मागे बसा. घरी जायचं असेल त्यांना उतार आहेच."

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगासाठी एक वाक्य जपून ठेवलेलं असे. त्यांनी ते शोधलं. बराच वेळ शोधलं. आणि शोधता शोधताच हौद्यात चढले.

त्यांच्यामागोमाग हौद्यात बसलेल्या मामांनी हॉर्न वाजवायला सवयीने हात पुढे केला. तिथे हॉर्न नव्हता, नुसती हवा होती.

आत्या गुपचूप हौद्याच्या मागच्या फाळक्यावर चढली. पाटी खालीच राहिली होती. ती कुणी उचलली नाही, आणि उचला असंही कुणी म्हटलं नाही.

त्या जंगलातले थोर झोपेतसुद्धा सल्ले देत, अशी त्यांची ख्याती होती. पण घाटाच्या माथ्यापर्यंत मागच्या हौद्यातून कुणाचाच आवाज आला नाही. सूर्य अजून एक हातभर वर होता.

तात्पर्य : अडचणीसाठी ठेवलेली वस्तू अडचणीत कधीही वापरू नये. वापरली तर अडचण संपते, आणि मग थोरांचा सल्ला विचारायला कुणी उरत नाही. म्हणून शहाण्या मुलांनी किल्ली कुलपाच्या आत ठेवावी, आशीर्वाद भोकावर ठोकावा, आणि घाटाच्या मध्यावर आयुष्यभर सुखाने बसून राहावं. मागे सगळा उतारच असतो.